मगदूम सरांचा ओल्या कचऱ्याचा नियम

दर वर्षी चातुर्मास लागला की भुजबली मगदूम सर कारलं सोडायचे. कर्नाटकाच्या हद्दीतल्या चांदणहट्टीच्या बस्तीत, म्हणजे आमच्या भागात जैन मंदिराला म्हणतात त्या बस्तीत, मुक्कामाला आलेल्या मुनिमहाराजांसमोर सगळा समाज बसलेला असायचा. माईक हातोहात फिरायचा आणि ज्यानं त्यानं उठून चार महिन्यांसाठी आपण काय सोडलं ते सांगायचं. कुणी हॉटेल सोडायचं, कुणी पेढे. कुणाची सून मोबाईलवरची मालिका सोडायची आणि आठव्या दिवसापासून तीच टीव्हीवर बघायची. सर कारलं सोडायचे. सरांना कारलं मुळातच आवडत नाही हे गावाला ठाऊक होतं, पण एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या माणसाला "सर, तुम्ही खाता तरी कधी?" असं माईकवर विचारायची कुणाची छाती नव्हती.

या वर्षीही सर कारलंच सोडणार होते. पण त्या दिवशी सकाळी आठ वाजता कचऱ्याची गाडी आली आणि सगळा घोळ झाला.

झालं होतं असं की दोन महिन्यांपासून सरांनी घराला शिस्त लावली होती. हिरवी बादली ओल्याची, निळी बादली सुक्याची. दोन्हींवर मराठीत आणि कानडीत चिठ्ठ्या डकवलेल्या. चहाची पावडर हिरवीत, पण चहाच्या पुड्याचा कागद निळीत. पद्मावतीबाईंनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, एकदा केळ्याची साल निळीत टाकली तेव्हा सरांनी ती चिमटीत धरून त्यांना असं काही समजावलं की बाईंनी दोन दिवस केळंच खाल्लं नाही. बादल्या गेटपर्यंत न्यायचं काम बाईंचं. त्या दिवशी त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून सर स्वतः गेले. गाडी कानडी गाणं वाजवत आली, गाडीवरच्या मष्णूनं हिरवी बादली घेतली, गाडीत उपडी केली. निळी घेतली, तिच्याच डोक्यावर उपडी केली.

"मष्णू!" सर वर्गात ओरडायचे तसे ओरडले. मष्णू त्यांचा जुना विद्यार्थी. "काय केलंस हे?"

"काय केलं सर?"

"ओला आणि सुका एकत्र केलास!"

"मग? गाडी येकच हाय न्हवं." मष्णू मनापासून समजावू लागला. "सर, राग नगा मानू. समदी लोकं येका बादलीत देत्यात. तुमीच तेवढं दोन देतासा. तुमच्या दारात मला दोनदा वाकाय लागतंय."

दोन महिने सर जे निसर्गरक्षण करत होते त्यातून निसर्गाला काही मिळालं नव्हतं, फक्त मष्णूच्या कमरेला त्रास झाला होता. समोरच्या घराच्या गॅलरीत मारुतीराव दात घासत उभे होते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेला माणूस, जगातल्या कुठल्याही गोष्टीवर सल्ला द्यायला मोकळा. ते तोंडात ब्रश तसाच ठेवून हसले. सरांनी ते हसणं पाहिलं आणि ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

तासाभरानं बस्तीत माईक सरांच्या हातात आला तेव्हा त्यांच्या कानात अजून ते कानडी गाणं वाजत होतं. लोक 'कारलं' ऐकायच्या तयारीत होते. सर म्हणाले, "चातुर्मास संपेपर्यंत माझ्या कंपाउंडमधला ओला कचरा गेटबाहेर जाणार नाही!"

महाराजांनी आजवर बटाट्यापासून सोन्याच्या दागिन्यांपर्यंत नाना नियम दिले असतील, पण कचरा त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला होता. त्यांनी शांतपणे विचारलं, "विचार केला आहे?"

"केला आहे," सर म्हणाले. बस्तीत उभं राहून सर आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले.

महाराजांनी मोरपिसांची पिच्छी उचलून आशीर्वाद दिला. बायकांच्या बाजूला सरांच्या आई लक्ष्मीबाई, वय ब्याऐंशी, मोठ्यानं विचारू लागल्या, "काय सोडलं गं त्यानं? कारलं न्हवं?"

"न्हाय आत्या," पद्मावतीबाई पदरातून म्हणाल्या, "कारलं आता सालीसकट खायाचं हाय."

ज्यांना नियम म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांना यात अडचण कळायची नाही. पोलिसात दिलेला जबाब फिरवता येतो, निवडणुकीतलं आश्वासन तर फिरवण्यासाठीच असतं. पण बस्तीत, महाराजांसमोर, तेही माईकवर घेतलेला नियम मोडला तर माणसानं चांदणहट्टीत मान वर करून चालायचं कसं? एकतीस वर्षं सरांनी पोरांना दिलेला शब्द पाळायला शिकवलं होतं. ती सगळी पोरं आता गावात दुकानदार, वकील आणि कंपाउंडर होऊन त्यांच्याकडे बघत होती.

सरांनी निळा प्लास्टिकचा ड्रम आणला, तापलेल्या गजानं त्याला भोकं पाडली आणि परसात ठेवला. विघटन हा धडा त्यांनी एकतीस वेळा शिकवला होता. फळ्यावर पान काढायचं, बाण काढायचा, माती काढायची. चार मार्कांचा प्रश्न. फळ्यावरच्या विघटनाला वास नव्हता हे त्यांच्या आठव्या दिवशी लक्षात आलं.

मग सल्ले सुरू झाले. मारुतीराव कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकवून म्हणाले, "सर, गांडुळं सोडा. लई काम करत्यात."

लक्ष्मीबाईंनी ते आतून ऐकलं. "जित्ता जीव इकत आणून घाणीत सोडणार तू? आनि चातुर्मासात?"

गांडुळं रद्द झाली. मारुतीराव म्हणाले, "मग ताक आनि गूळ घाला." सरांनी ते घातलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या यच्चयावत मुंग्या ड्रमला आल्या. आता मुंग्यांवर पाणी ओतता येईना, पावडर टाकता येईना, काठीनं ढवळता येईना. लक्ष्मीबाई खुर्ची टाकून ड्रमाशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांचं हुईस्तवर थांब." मुंग्यांचं व्हायला पाच दिवस लागले. तोवर सरांना दुसरा ड्रम आणावा लागला.

मुंग्या गेल्या आणि अळ्या आल्या. हे विघटनाचं चांगलं लक्षण आहे असं सर घरात सगळ्यांना सांगत होते आणि कुणीही जेवताना ते ऐकायला तयार नव्हतं. ढवळणं तर भाग होतं. शेवटी तोडगा निघाला. सर णमोकार मंत्र म्हणत काठी एक वेढा फिरवत आणि थांबत. लक्ष्मीबाई चष्मा लावून वाकून बघत. "हळू... डावीकडं दोन हायत... जाऊ दे त्यास्नी... हां, फिरव आता." एक ड्रम ढवळायला पाऊण तास लागे. मष्णूला दिवसातून दोनदा वाकावं लागत होतं म्हणून हे सगळं सुरू झालं होतं. सर आता पाऊण तास वाकूनच असत.

"परत परत ढवळतोस ते सोड," एके दिवशी लक्ष्मीबाईच म्हणाल्या, "मुळात घाण कमी कर की." हे सरांना पटलं आणि स्वयंपाकघरावर संकट आलं. दोडक्याच्या शिरांची चटणी आमच्याकडे सगळेच करतात. पण मग दुधीच्या सालीची भाजी झाली, मटाराच्या टरफलांचं सार झालं, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची थालीपीठं झाली. सर परीक्षेतल्या सुपरवायझरसारखे विळीमागं उभे राहत. "ते देठ का टाकलंस?" असं त्यांनी कोथिंबिरीबद्दल विचारलं तेव्हा पद्मावतीबाईंनी विळी आडवी केली.

"अहो, नियम तुम्ही घेतलासा," त्या म्हणाल्या, "मी न्हाय. केळ्याच्या सालीची भाजी मी करणार न्हाय. करायची तर तुम्ही करा, आनि तुम्हीच खावा."

सरांनी केली. खाल्लीही. त्याबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

तरीही, खरं सांगायचं तर, गाडं रुळावर येत होतं. पहिल्या ड्रमच्या तळाशी काळं काहीतरी दिसू लागलं होतं. सर ते मुठीत घेऊन हुंगत आणि मारुतीरावांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत, "माती होतेय बरं का माती!" आणि नेमकं आमचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व लागलं, सहाव्या दिवशी सरांचा उपास होता, आणि काठी फिरवताना ड्रममधून एक काटा वर आला. डोक्यासकट. बांगड्याचा.

लक्ष्मीबाईंनी चष्मा पुसून परत लावला. "भुजबली, हे काय रं?"

सर विज्ञानाचे शिक्षक असल्यामुळे ओळखू आलं नाही असं म्हणण्याची सोय नव्हती. "मासा," ते म्हणाले.

जैनाच्या परसात, पर्वात, मासा! लक्ष्मीबाई उठून उभ्याच राहिल्या. "भाहेर टाक. समदा ड्रम भाहेर टाक."

"टाकता येत नाही, आई."

"का?"

"नियम आहे."

पद्मावतीबाईंनी वकिली केली. मासा आपल्या घरातला नव्हे, नियम आपल्या कचऱ्याचा, तेवढा काटा चिमट्यानं उचलावा आणि द्यावा गाडीत. पण सर हट्टाला पेटले. "मी माईकवर काय बोललो? कंपाउंडमधला ओला कचरा. घरातला म्हणालो नाही. आणि काटा निघेल, पण त्याला लागलेलं मांस सालींत मुरलंय. एकत्र झालेलं पुन्हा वेगळं करता येत नाही, याच्यासाठीच तर मी मष्णूवर ओरडलो होतो!"

सरांचं बोलणं खरं होतं. लक्ष्मीबाईंनी आपलं पाण्याचं गाळणं आणि तांब्या उचलला, परसाच्या बाजूचं स्वयंपाकघर सोडून त्या घराच्या पुढच्या सोप्यात आल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. लेकाशी बोलणं बंद. सर आतून अगदी मोडून गेले. सगळ्या गावाचं हसणं सहन होतं, पण आईची ती पाठ बघवत नव्हती.

पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी जाऊन हात जोडायचे आणि वर्षभरात कळत-नकळत चुकलं असेल त्याची क्षमा मागायची. सर मारुतीरावांच्या दारात हात जोडून उभे राहिले. "काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा करा."

मारुतीरावांच्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं. "सर, तुमी कशाला? चुकलं माझं. त्यो मासा मी टाकला."

सरांचे हात जोडलेलेच राहिले.

"गाडी दोन दिस आली न्हवती. ऐतवारी आमच्यात बांगडं झालतं. घरात वास सुटला. म्हटलं, सरांच्या खताला बरंच की, मासा झाडाला लई चांगला. भिंतीवरनं टाकला हळूच." मारुतीरावांनी नाक पुसलं. "आनि सर, पंचायतीत अर्ज बी मीच दिला."

"कसला अर्ज?"

"तुमच्या ड्रमाचा वास येतोय म्हणून."

"तुम्हीच मासा टाकलात, आणि तुम्हीच अर्ज दिलात?"

"वास यायला लागला न्हवं!" मारुतीराव काकुळतीनं म्हणाले.

त्या दिवशी रागावता येत नाही. सर "क्षमा" म्हणाले, पण ज्या आवाजात ते पोरांना 'बाकावर उभा राहा' म्हणत त्या आवाजात म्हणाले.

मारुतीराव लगेच सरांना घेऊन पट्टण पंचायतीत, म्हणजे आमच्या नगरपंचायतीत, गेले. अर्ज मागं घ्यायचा होता. क्लार्क म्हणाला, मागं घ्यायला वेगळा अर्ज लागेल, कारण लिहून. मारुतीरावांनी लिहिलं: 'वास माझाच होता.' क्लार्कनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हा बी ठेवून घेतो. पण पैल्या अर्जाला नंबर पडलाय. नंबर पडला की तपासणी व्हायालाच पायजे." सरांना क्लार्कचा राग यायला हवा होता, पण शब्द एकदा नोंदला गेला की फिरत नाही हे त्यांना आतून मान्य होतं.

हेल्थ इन्स्पेक्टर सोनम मॅडम आल्या त्या नोटीस घेऊन, आणि पाठोपाठ मष्णूची गाडी. बाई तरुण, कामाला चोख, बोलायला सरळ. त्यांनी ड्रममध्ये डोकावलं आणि रुमाल नाकाला लावला. सगळी गल्ली गोळा झाली.

"सर, ह्ये काढायला लागेल. आम्ही गाडीतनं नेतो, तुम्हाला काय त्रास न्हाय."

"नेऊन काय करणार? सुक्यात मिसळणार!" सरांचा आवाज चढला. "मॅडम, तुमच्या गाडीला दोन कप्पे करा. मग मी स्वतः ड्रम डोक्यावर घेऊन येतो."

"कप्प्याचा प्रस्ताव बेळगावला गेलाय, सर."

"कधी?"

"मी नोकरीला लागायच्या आधी."

"मग तो येईपर्यंत हा ड्रम हलणार नाही! दंड करा, केस करा, काय करायचं ते करा!" असं म्हणून सर ड्रमच्या झाकणावर बसले.

झाकण प्लास्टिकचं होतं आणि सर खात्यापित्या घरचे होते. झाकण आत गेलं, त्यामागून सर गेले, आणि कमरेपर्यंत रुतून अडकले. हात वर, गुडघे वर. गल्लीत कुणी हसलं नाही, कारण हसू इतकं मोठं होतं की सगळ्यांनी ते दातांनी धरून ठेवलं होतं.

मष्णूनं अदबीनं विचारलं, "मॅडम, सरांसकट उचलायचं काय?"

तेवढ्यात सोप्यातून काठीचा आवाज आला. लक्ष्मीबाई परसात आल्या. नऊ दिवसांनी. त्यांनी मासा पडलेल्या ड्रमकडं पाहिलं, त्यात बसलेल्या लेकाकडं पाहिलं, आणि सोनम मॅडमपुढं हात केला. "द्या तो कागुद."

नोटीस कानडीत होती. सर कानडी फाडफाड बोलत, पण वाचताना अक्षर अक्षर लावत. लक्ष्मीबाईंचं माहेर सदलग्याकडचं, चौथीपर्यंतची शाळा कानडी. त्यांनी कागद लांब धरला आणि घडाघडा वाचला, शिक्क्यासकट.

"ह्यात नाव कुणाचं हाय?"

"भुजबली मगदूम," मॅडम म्हणाल्या.

"घर कुणाचं हाय?"

मॅडमनी मोबाईल काढला, घरपट्टीची यादी लावली, खाली-वर केली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "लक्ष्मीबाई मगदूम."

"मी. माझा सासरा माझ्या नावावर करून गेलाय. मग ह्याच्या नावानं कागुद आणून माझ्या परसातला ड्रम कसा न्हेतासा?" लक्ष्मीबाईंनी नोटीस नीट घडी करून परत दिली. "माझ्या नावानं आणा. आनि ऐका बाई. माझ्या लेकानं बस्तीत शबूद दिलाय. चातुर्मास सरस्तवर ह्यातली एक साल बी गेटाभाहेर जाणार न्हाय."

"आनि मासा, आक्का?" मारुतीरावांना राहवलं नाही.

लक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. क्षणभर त्यांना फार जड गेलं असावं. "मासा बी," त्या म्हणाल्या.

सरांना ड्रममध्ये बसल्या बसल्या भडभडून आलं. लक्ष्मीबाई त्यांच्याकडं वळल्या. "आता भाहेर ये त्यातनं. हळू ऊठ, खाली जीव असत्याल."

सोनम मॅडमनी नाव दुरुस्तीचा शेरा मारला. नव्या नावाची नोटीस म्हणजे नवा नंबर, नवी सही. ती सही करणारे साहेब रजेवर होते. जाताना मॅडम मागं वळून हळूच म्हणाल्या, "सर, वाळलेला पालापाचोळा घाला वरनं. वास थांबतोय." एवढ्या सल्ल्यांत उपयोगाचा सल्ला हा एकच निघाला. तीन दिवसांत वास थांबला.

कार्तिकात सरांनी ड्रम उपडा केला. काळी, भुसभुशीत माती. मासा कुठं गेला ते कळलं नाही, सरांनी शोधलाही नाही. एक टोपलं त्यांनी मारुतीरावांच्या मोगऱ्याला नेऊन घातलं. मारुतीराव मातीला हात लावून म्हणाले, "माझा बी वाटा हाय ह्यात," आणि सरांनी ते मान्य केलं.

चातुर्मासाच्या शेवटच्या दिवशी सर आंघोळ करून निघाले. बस्तीत उभं राहायचं, नियम पार पडला असं सांगायचं आणि मोकळं व्हायचं. पुढच्या वर्षी परत कारलं. पद्मावतीबाईंनी तर सकाळीच हिरवी बादली गेटाशी नेऊन ठेवली होती, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्या गुणगुणत होत्या. इतक्यात पंचायतीचा शिपाई आला. नोटीस होती. नाव: लक्ष्मीबाई मगदूम.

ब्याऐंशी वर्षांत सरकारनं त्या बाईला लिहिलेलं हे पहिलं पत्र. त्यांनी ते उभं राहून वाचलं, बसून वाचलं आणि घडी करून कनवटीला लावलं.

बस्तीत सर माईक घेऊन उठले. "माझा नियम आज..." एवढं म्हणेपर्यंत लक्ष्मीबाईंनी बायकांच्या बाजूनं येऊन माईक त्यांच्या हातून घेतला.

"ह्यो नियम आता माझा," त्या म्हणाल्या. "चार म्हयन्यांचा न्हाय. जल्माचा."

महाराजांनी त्यांच्याकडं पाहिलं. "आक्का, विचार केला आहे?"

"न्हाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "ह्यानं तरी कुठं केलता?"

पिच्छी वर गेली. पद्मावतीबाईंचं गुणगुणणं बंद झालं. आईच्या मागून चालताना सरांची मान मात्र ताठ होती.

घरी आले तर गेटाशी मष्णूची गाडी गाणं वाजवत थांबलेली. मष्णूनं हिरव्या बादलीला हात घातला होता.

"ठेव ती खाली," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"आक्का, आज नियम सरला न्हवं?"

"तुझ्या गाडीला कप्पा कवा बसतोय?"

"प्रस्ताव गेलाय म्हणं बेळगावला. येईल की." मष्णूनं डोकं खाजवलं. "किती वरसं लागतील कुणाला ठावं."

"येऊ दे सावकाश," लक्ष्मीबाईंनी बादली उचलली आणि गेट आतून लावून घेतलं. "तवर मी हाय."